बेळगावला निघण्याआधी नवे बूट

वाचकांचे प्रश्न, माजी सुभेदारांची उत्तरे

प्रश्न : आप्पा, नमस्कार. मी पारोळा तालुक्यातला. अग्निवीर म्हणून माझी निवड झाली आहे आणि दीड महिन्याने बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीच्या केंद्रात हजर व्हायचे आहे. मामांनी आनंदाने धुळ्याहून काळे, घोट्याच्या वर येणारे बूट आणून दिले. दोन दिवस ते घालून पळालो तर दोन्ही टाचा सोलल्या. मित्र म्हणतो, रात्रभर पाण्यात भिजव. आजोबा म्हणतात, गोडेतेल लाव. आणि हे बूट आरशासारखे चमकवायचे कसे? तिथे पहिल्याच दिवशी बूट बघतात म्हणे.

उत्तर : भाऊ, मनापासून अभिनंदन. आता ते बूट काढून ठेव. सोललेल्या जागेवर नवी कातडी धरेपर्यंत मोकळ्या चपलेत राहा. पाच-सहा दिवस गेले तरी जाऊ देत, तुझ्याकडे दीड महिना आहे.

तुझ्यासारख्या बऱ्याच घरांत बुटांवर फुकट पैसे जातात, म्हणून आधी एक सांगतो. प्रशिक्षणाचे बूट पलटण देते. हजर झाल्यावर स्टोअरमधून किट मिळते, त्यात बूट असतात. घरून काय आणायचे ते तुला आलेल्या पत्रात लिहिलेले असेल, तेच प्रमाण मान. मामांचे बूट परेड ग्राउंडवर चालतीलच असे नाही. पण त्यांचे मोल इथे, गावात आहे. त्यांच्यावर तुला पाय तयार करता येतील आणि पॉलिशचा हात बसवता येईल.

१९८४ साली मी भरती झालो तोवर आयुष्यात कधी बूट घातला नव्हता. एरंडोल तालुक्यात आमची कोरडवाहू शेती. पावसाळ्यात काळी माती पायाला अशी धरते की चप्पल रुतून मागेच राहते, म्हणून सगळे अनवाणीच चालायचो. स्टोअरच्या खिडकीतून आवाज आला, "नंबर?" मला नंबर ठाऊक नव्हता. वडिलांच्या चपलेवर सात लिहिलेले आठवले, म्हणून सात म्हणालो. खिडकीतल्या माणसाने वर न बघता सातचा जोड पुढे सरकवला. माझा पाय आठचा आणि चवडा चांगलाच रुंद. बदलून मागायला जीभ रेटली नाही. तिसऱ्या आठवड्यात डाव्या टाचेचा फोड फुटला. मी तो लपवला, वरून दोन मोजे चढवून परेड केली. चार दिवसांनी जांघेत अवधान, म्हणजे गाठ आली, ताप चढला. अकरा दिवस दवाखान्यात काढले आणि मग मला मागून येणाऱ्या तुकडीत टाकले. माझ्याबरोबर आलेली पोरे प्रशिक्षण संपवून शपथेच्या, म्हणजे कसम परेडला उभी राहिली तेव्हा मी बॅरकच्या खिडकीतून बघत होतो. घरी पत्रात काही कळवले नाही. पहिल्या सुट्टीत आईने टाचेचा वण बघितला आणि विचारले, "पायले काय व्हयनं रे?" मी गप्प राहिलो. त्या खिडकीत तू उभा राहू नयेस म्हणून हे उत्तर लांबणार आहे.

तर पहिले काम, आपला नंबर स्वतः माहीत करून घे. संध्याकाळी मोज, कारण दिवसभर राबून पाय फुगलेला असतो. वहीच्या कागदावर उभे राहा आणि घरातल्या कुणाला तरी पेन्सिलने पायाभोवती रेघ ओढायला सांग. बसून मोजू नकोस. अंगाचा भार पडला की पाय लांबतो, पसरतो. दोन्ही पायांचे कागद काप, कारण दोन्ही पाय सारखे क्वचितच असतात. मोठा असेल त्याचा नंबर धरायचा. बुटातला सुखतळा निघत असेल तर बाहेर काढून कागद त्यावर ठेव. चवड्याकडे कागद बाहेर येत असेल तर बूट अरुंद आहे. शेतात अनवाणी वाढलेल्या आपल्या पोरांचे हेच दुखणे असते. लांबीने बूट बरोबर बसतो आणि करंगळीशी आवळतो.

मग मोजे घालून बूट चढव. नाड्या सैल ठेवून पाय पुढे रेट, टाचेमागे एक बोट गेले पाहिजे. नाड्या बांधल्यावर बोटे आत मोकळी हलली पाहिजेत आणि चालताना टाच आतल्या आत वर-खाली होता कामा नये. तुझ्या दोन्ही टाचा एकाच वेळी सोलल्या, त्यावरून मला वाटते की टाच घसरते आहे. आधी नाड्या घोट्याशी नीट आवळून बघ आणि जाड मोजा घाल. चवड्याशी आवळत असेल तर मोचीदादाकडे दोन दिवस कलबुतावर, म्हणजे पायाच्या आकाराच्या साच्यावर चढवायला दे, थोडी रुंदी मिळेल. लांबी मात्र कुणी वाढवून देऊ शकत नाही. बूट लांबीलाच कमी असेल तर भावाला देऊन टाक.

स्टोअरच्या खिडकीसमोर उभा राहशील तेव्हा हेच सगळे तिथेही करायचे. मोजे घालून बघायचे, दोन्ही पाय घालायचे, उभे राहायचे, चार पावले टाकायची. मागे रांग असेल, कुणी घाई करेल. तरी सरळ सांगायचे, "साहब, नंबर छोटा है, बदल दीजिए." यात लाजण्यासारखे काही नाही. ती दोन मिनिटे पुढचे सगळे महिने तुझ्या पायाखाली राहणार आहेत.

आता बूट पायाला लावण्याबद्दल. परेडच्या तेज चालमध्ये मिनिटाला १२० पावले पडतात, प्रत्येक पाऊल ३० इंचांचे. अर्ध्या तासात ३,६०० पावले, म्हणजे एकेका टाचेला १,८०० वेळा घासा. बूट एका जागी जरासा टोचत असेल तर इतक्या घाशांनी तिथे जखम होणारच. म्हणून चामड्याला तुझ्या पायाचा आकार घ्यायला आणि तुझ्या कातडीला निबर व्हायला वेळ द्यायचा.

पहिले तीन दिवस बूट घरातच घाल. रात्री जेवण झाल्यावर अर्धा तास घालून ओट्यावर ये-जा कर, उकिडवा बस, उठ, जिना असेल तर चढ-उतर. चवडा दुमडतो तिथे घडी पडली पाहिजे आणि ती तुझ्या पायाच्या घडीवर पडली पाहिजे. मग गावाबाहेरच्या सपाट गाडरस्त्याने एक किलोमीटर चाल. दोन दिवसांनी दोन. दुसरा आठवडा संपेपर्यंत चार-पाचवर ये. नांगरटीतल्या ढेकळांवर नवे बूट घालून जाऊ नकोस, घोटा मुरगळेल. तिसऱ्या आठवड्यापासून हलकी दौड चालेल, तीही मातीवर. पळण्याचा रोजचा सराव मात्र पळायच्या बुटांतच चालू ठेव. आणि घरच्या कोब्यावर किंवा डांबरी रस्त्यावर पाय आपटत परेडची नक्कल करू नकोस. नडगीचे हाड दुखावले तर महिना महिना बरे होत नाही. पाय कसा आपटायचा ते उस्ताद शिकवतील.

रोज बूट काढल्यावर उजेडात पाय बघ. लाल झालेली जागा दहा-पंधरा मिनिटांत पूर्ववत झाली तर ठीक. तशीच राहिली तर दुसऱ्या दिवशी बूट घालण्याआधीच तिथे औषधाच्या दुकानातली कापडी चिकटपट्टी लाव, सुरकुती न पडू देता. चालताना एखादी जागा चुरचुरायला लागली की तिथेच थांबायचे, बूट काढायचा, पट्टी लावायची. "घरी जाऊन बघू" म्हटले की घरी पोचेस्तोवर फोड आलेला असतो. मोजे दोन घाल, आत पातळ आणि वर लोकरीचा जाड. मग घासा मोज्या-मोज्यात होतो, कातडीवर कमी येतो. नायलॉनचे मोजे घाम धरून ठेवतात आणि ओली कातडी लवकर सोलते. भोक पडलेला किंवा जाड शिवण टाकलेला मोजा वापरायचा नाही.

मित्राला सांग, बूट बादलीत भिजवायचे नाहीत. भिजलेले चामडे सैल पडते हे खरे. पण आपल्याकडे मार्च-एप्रिलच्या उन्हात ते वाळले की पापडासारखे कडक होते, आणि सोलचा डिंक सुटतो तो वेगळाच. पत्र्यावर, चुलीजवळ, मोटारसायकलच्या सायलेन्सरवर वाळवलेले बूट मी बघितलेत, पुढे ते घडीवर चिरतात. आजोबांचे तेल नांगराच्या चामडी वादीला उत्तम, ते त्यांच्या अनुभवाचे बोलतात. पण बुटात गोडेतेल मुरले की चामडे लोळागोळा होते, काही दिवसांनी खवट वास येतो आणि वर पॉलिशचे मेण धरत नाही. टाचेकडचा भाग फारच कडक असेल तर दोन्ही अंगठ्यांनी रोज पाच मिनिटे मळ. त्याला कशाचीच जोड लागत नाही.

आता चकाकी. मला हे फार आवडणारे काम आहे, आजही २६ जानेवारीला गावच्या शाळेत झेंडावंदनाला जाण्याआधी मी आदल्या रात्री बूट घेऊन बसतो.

आधी बूट चामड्याचा आहे का ते बघ. जिभेच्या कापलेल्या कडेकडे नीट पाहा. तंतू दिसले तर चामडे. आत कापड आणि वर प्लॅस्टिकचा पातळ थर दिसला तर रेक्झिन. रेक्झिनवर कितीही घासलेस तरी मेण आत जात नाही.

पॉलिश डबीतले घे, घट्ट मेणाचे. स्पंज लावलेल्या बाटलीतले घेऊ नकोस. ते क्षणात चमकते, पण वर नुसता पापुद्रा धरतो, बूट दुमडला की तडकतो आणि त्याच्यावर मग मेण बसत नाही. डबी कोणत्या कंपनीची हे महत्त्वाचे नाही. ज्या किवी पक्ष्याच्या डबीवर आमची पिढी वाढली ती १९०६ मध्ये ऑस्ट्रेलियात मेलबर्नला विल्यम रॅम्से या माणसाने काढली. बायको न्यूझीलंडची, म्हणून तिच्या देशाचा पक्षी डबीवर आला. डबीत असते काय, तर मेण, काळा रंग आणि ते मऊ ठेवणारे टर्पेंटाइनसारखे द्रव. कार्नौबा नावाचे जे मेण चकाकीसाठी वापरतात ते ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवरून निघते आणि ८० अंशांच्या वर गेल्याशिवाय वितळत नाही, इतके ते टणक. द्रव उडून गेले की हे टणक मेण चामड्यावर उरते. म्हणून पॉलिश लावल्यावर दहा-पंधरा मिनिटे थांबायचे असते. आणि म्हणूनच डबी उघडी राहिली तर आपल्या उन्हाळ्यात आठ दिवसांत भेगाळते, झाकण घट्ट दाबत जा.

नाड्या काढ. कोरड्या ब्रशने धूळ झाड, ओल्या फडक्याने पूस, सावलीत सुकू दे. लहान ब्रशने सगळीकडे पातळ थर दे. सोल आणि चामडे जुळते त्या खाचेत दातांचा जुना ब्रश फिरव. थांब. मग मोठ्या ब्रशने लांब हाताने, हलक्या दाबाने ओढत राहा. पहिले आठ दिवस रोज एवढेच कर. नवे चामडे तहानलेले असते, त्याला आधी पिऊ दे.

नंतर टो, म्हणजे बुटाचे पुढचे टोक, आणि टाच. आरशासारखी चमक फक्त या दोन जागी आणायची, कारण त्या आतून कडक असतात, दुमडत नाहीत. मधल्या घडीवर मेणाचे थर चढवले की पहिल्याच परेडला चिरा पडून पांढरी नक्षी उमटते. जुन्या सुती बनियनचा धुतलेला तुकडा घे, दोन बोटांभोवती ताणून गुंडाळ, सुरकुती राहू देऊ नकोस. डबीच्या झाकणात गार पाणी घे. फडक्याला मेण अगदी नखावर मावेल एवढे लाव आणि टोवर छोटे छोटे गोल फिरव. आधी सगळे धुरकट होईल. फिरवत राहा, धूर विरळ होईल. मग बोट पाण्यात टेकवून एक थेंब टाक आणि पुन्हा फिरव. पाण्यामुळे फडके मेणाला चिकटत नाही, घर्षणाने मऊ झालेले मेण गार होऊन सपाट बसते. चामड्याला बारीक छिद्रे असतात, उंच-सखलपणा असतो. मेण ते भरून काढते. पृष्ठभाग सपाट झाला की उजेड विखरत नाही, सरळ परततो आणि ट्यूबलाइट टोमध्ये दिसते. जुने लोक पाण्याऐवजी थुंकी वापरायचे, पाण्याने तेच होते.

पहिल्या रात्री फारसे काही दिसणार नाही. एका बैठकीत सहा-सात पातळ थर, असे चार-पाच रात्री. हात दाबलास तर खालचा थर उखडतो. मला हे ज्या उस्तादांनी शिकवले ते बॅरकच्या पायरीवर माझ्याशेजारी बसले, स्वतःचा बूट मांडीवर घेतला आणि अर्धा तास एक शब्द बोलले नाहीत. मी त्यांच्या बोटांकडे बघून शिकलो. काही पोरे मेण लवकर वितळावे म्हणून टोवर लायटर धरतात. ते करू नकोस. डबीतले द्रव पेट घेते, शिवण जळते.

तुझा शेवटचा प्रश्न. पहिल्या दिवशी केस कापणे, कागदपत्रे, किट घेणे यातच वेळ जातो. पोर खेड्यातून आले आहे हे उस्तादांना कळते. पुढे तपासणी होते तेव्हा मात्र ते टोकडे कमी आणि मागे टाचेकडे जास्त बघतात, कारण टो सगळेच चमकवतात. जिभेखालची धूळ, सोलची खाच, टाच आणि चवड्याच्या मधली कमान, नाडीचे विसकटलेले टोक, या त्यांच्या जागा. बेळगावात जून ते सप्टेंबर जोराचा पाऊस आणि माती तांबडी. काळ्या बुटावर ती लगेच दिसते. बूट भिजले तर सुखतळा बाहेर काढ, आत वर्तमानपत्राचे बोळे कोंब, ओले झाले की बदल, आणि पंख्याखाली सुकव. पॉलिश पूर्ण सुकल्यावरच.

पोचल्यावर एक पत्र टाक. कोणता नंबर मिळाला आणि तो नीट बसला का, एवढे कळव.

प्रश्न : सर, मी शहाद्याजवळच्या गावातली. लष्करी पोलिसांत अग्निवीर म्हणून निवड झाली आहे, प्रशिक्षण बंगळूरला. सरावासाठी बूट बघायला गेले तर दुकानात सगळे पुरुषांचे. पाय बरोबर बसला की टाच सैल, टाच बरोबर बसली की बोटे दुमडतात. काय करू?

उत्तर : बेटा, तुझे पत्र वाचून छाती भरून आली. मे २०२१ मध्ये बंगळूरच्या केंद्रातून ८३ मुलींची पहिली तुकडी शिपाई म्हणून बाहेर पडली. त्या वाटेने आता शहाद्याची लेक जाते आहे.

मुलींची टाच चवड्याच्या मानाने अरुंद असते आणि पुरुषांच्या कलबुतावरचा बूट मागे ढिला पडतो. टाच बसावी म्हणून लहान नंबर कधीच घेऊ नकोस, नखे काळी पडतील. बोटांना बरोबर बसणारा जोड घे आणि टाच नाडीने धर. नाडी घोट्यापर्यंत नेहमीसारखी आण. तिथे प्रत्येक बाजूची नाडी त्याच बाजूच्या वरच्या भोकात घालून छोटा फासा ठेव. मग डावी नाडी उजव्या फाशातून आणि उजवी डाव्या फाशातून घालून मागे-खाली ओढ. टाच जागेवर बसते. तरी ढिले वाटले तर टाचेमागे नमद्याची, म्हणजे दाबलेल्या लोकरीची पातळ पट्टी चिकटवून घे.

दुसरे, पायाच्या हाडांकडे लक्ष दे. चालून चालून चवड्याच्या हाडाला बारीक चीर जाते. १८५५ मध्ये प्रशियाच्या सैन्यातल्या ब्रायटहाउप्ट या डॉक्टरने शिपायांचे असे सुजलेले पाय पहिल्यांदा नोंदवले. मुलींमध्ये हे मुलांपेक्षा जास्त आढळते. म्हणून चालणे आणि पळणे आतापासून थोडे थोडे वाढव, शेवटच्या आठवड्यात एकदम नको. एकाच बिंदूवर बोट दाबल्यावर कळ येत असेल आणि चालताना ती वाढत असेल तर "सहन करते" म्हणायचे नाही, डॉक्टरांना दाखवायचे. भाकरी, डाळ, दूध, शेंगदाणे पोटभर खा.

प्रश्न : दादा, माझा मुलगा प्रशिक्षणाला गेला आहे. फोनवर म्हणाला, पायाला फोड आलेत. आमच्या रावेरकडून कुणी तिकडे निघाले तर हळद-खोबरेल पाठवावे का? जीव लागत नाही.

उत्तर : ताई, तुमच्या मुलाने फोड लपवला नाही, सांगितला, याचा मला आनंद वाटला. हळद-तेल पाठवू नका. उघड्या जखमेवर घरचे काही लावायचे नाही, आणि तेलाने मऊ झालेली कातडी बुटात आणखी घासते.

त्याला असे सांगा. लहान फोड फोडायचा नाही. साबणाने धुवायचा, टिपून कोरडा करायचा, वर स्वच्छ पट्टी. मोठा, दुखणारा फोड असेल तर एमआय रूममध्ये, म्हणजे तिथल्या दवाखान्यात जायचे. ते निर्जंतुक सुईने कडेला टोचून पाणी काढतात आणि वरची कातडी तशीच ठेवतात. ती कातडी ओढून काढायची नाही, खालच्या कोवळ्या भागाचे तेच पांघरूण असते. भोवती लाली पसरली, पू दिसला, वर लाल रेघ चढली, जांघेत गाठ आली किंवा ताप आला तर त्याच दिवशी दाखवायचे. एमआय रूममध्ये गेले की मागे पडू अशी भीती पोरांना असते. मागे पडतो तो न गेलेला.

पाठवायचेच असेल तर लोकरीचे आणि सुती मोजे पाठवा, पाच-सहा जोड. एक चांगला नेलकटर पाठवा आणि नखे सरळ आडवी कापायला सांगा. कोपरे खोल कापले की नख मांसात शिरते. पावसात बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात, तर पाय धुतल्यावर बेचक्या वेगळ्या फडक्याने पुसायला सांगा.

आणि फोनवर "जेवलास का" विचाराल तेव्हा "दुपारी मोजे बदललेस का" हेही विचारत चला.